मदत हवी आहे : एव्हलिन अंडरहिल यांच्यावर मराठीत काही आहे का?

वाचनगटासाठी अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंड या ख्रिस्ती पंथाच्या) विदुषी एव्हलिन अंडरहिल (१८७५-१९४१) यांच्यावर टिपण करतेय. १९११चा ‘मिस्टिसिझम’ हा गूढवादावरचा ग्रंथ आणि रवींद्रनाथांसोबत केलेला कबीराच्या पदांचा इंग्रजी अनुवाद, एवढं सापडतं. मला ओढ आहे ती उत्तरार्धाची. एसेक्समधल्या प्लेशी गावी बाई साधना-शिबिरं घेत, पाद्र्यांपुढे व्याख्यानं देत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रिया प्रीस्ट झाल्या त्या १९९४ मध्ये, म्हणजे किती नंतर! शिवाय पहिल्या महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या या बाई दुसऱ्या महायुद्धात ठाम युद्धविरोधी होत्या. हा बदल कसा घडला, यावर कुणी वाचलंय का? त्यांचा पत्रसंग्रह कुणाकडे असल्यास कृपया कळवा, पुण्यात कुठेही येऊन वाचेन.