मदत हवी आहे: गोल्फ खेळणाऱ्या मुलीची कंबर

नमस्कार मंडळी. मुलगी १६ वर्षांची, पुण्यात ज्युनिअर गोल्फ खेळते, उजव्या हाताने. दोन महिने झाले, ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) मारला की कमरेत उजवीकडे कळ येते. एमआरआयमध्ये काही निघालं नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. फिजिओ म्हणतात, डावा खुबा आत पुरेसा वळत नाही, म्हणून सगळा पीळ कमरेच्या मणक्यांवर येतो. त्या मणक्यांना वळायला वाव फारच थोडा. ते काम खुब्यांचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं. मला पटलं. पण कोच रोज २०० चेंडू मारायला लावतात, वर जिममध्ये डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं)! चेंडू किती कमी करावेत? डेडलिफ्ट बंद करावी की वजन उतरवून चालू ठेवावी? गोल्फ किंवा वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांसोबत कुणी काम केलंय का? पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, पण ती सोडायचीही माझी तयारी आहे.