ऊसतोडीच्या फडातली लेकरं: कायदा कडक करून सुटतील का?

बालाघाट
माझं म्हणणं आधीच स्पष्ट लिहिते. बालमजुरीविरोधात आपल्याकडे कारवाई होते ती हॉटेलात, गॅरेजात, फार तर वीटभट्टीवर. उसाच्या फडावर सहसा कुणी धाड टाकत नाही, आणि टाकली तरी कागदावर तिथे एकही बालमजूर सापडणार नाही. मुकादमाच्या, म्हणजे कारखान्यासाठी मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत नाव असतं ते कोयत्याचं, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, त्या जोडीच्या नावावर, टनाचा हिशेबही त्या जोडीचा. बारा वर्षांची पोरगी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, मोळ्या बांधू लागते, पहाटे पाणी भरते, धाकट्याला कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सांभाळते. ती कुणाच्याच वहीत नाही.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि पार कर्नाटकापर्यंत. परत येतात मार्च-एप्रिलात. चौथीतलं लेकरू परत आलं की भागाकार विसरलेलं असतं. त्याला पुन्हा रुळावर आणेपर्यंत पुढचा दसरा येतो. अशी तीन-चार वर्षं गेली की मुलगा अर्धा कोयता, म्हणजे एकटा मजूर, म्हणून लागतो आणि मुलीचं लग्न लावून देतात, कारण लग्न झालं की नवी जोडी तयार आणि तिच्यावर नवी उचल.

2016 साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्यांना मदत केली तर चालेल अशी सवलत ठेवली. माझ्या मते ही सवलत म्हणजेच पळवाट. ती काढा आणि फडावर मूल सापडलं तर थेट कारखान्यावर गुन्हा दाखल करा. बाकीच्यांना काय वाटतं?

कृष्णाकाठ
ताई, मी वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक. तुमची कळकळ कळते, पण मत पटत नाही. रानात हात लावला की मजुरी झाली, असं म्हणायचं असेल तर शेतकऱ्याच्या घरातलं प्रत्येक पोर बालमजूर ठरेल. आम्हीही शाळा सुटल्यावर वैरण आणली, भांगलण केली. दप्तर सुटलं नाही.

दुसरं, मायबाप पहाटे चारला फडात गेल्यावर पोरानं कुठं राहायचं? कोपीत एकटं? तिथं विंचू-साप, चूल उघडी. फडाच्या कडेला आईच्या नजरेसमोर आहे हे बरं की वाईट? आणि कारखान्यावर गुन्हे दाखल करायला लागलात तर मुकादम काय करणार ते सांगतो. लेकरं असलेली जोडी टोळीत घेणारच नाही. मग त्या घराची चूल कशी पेटायची?

जमाखर्च
कृष्णाकाठ यांची शेवटची भीती खरी आहे, आणि ती घडून गेलेली आहे. बांगलादेशात. 1992 साली अमेरिकेच्या संसदेत बालकामगारांनी बनवलेला माल आयातीत रोखणारं विधेयक आलं. ते कायदा झालंही नाही, पण नुसत्या धास्तीने ढाक्याच्या कपडा कारखान्यांनी हजारो मुलामुलींना काढून टाकलं. युनिसेफचा अंदाज पन्नास हजारांच्या आसपासचा होता. ती मुलं शाळेत गेली नाहीत. कुणी खडी फोडायला गेलं, कुणी घरकामाला, काही मुली वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या.

न्यूयॉर्क टाइम्सने 2024 मध्ये आपल्या ऊसतोडीवर लिहिलं, तेव्हा माझ्या ओळखीचे काही जण लगेच म्हणू लागले की कंपन्यांनी ही साखर घेऊच नये. मला तेव्हाही ढाकाच आठवलं. फक्त बंदी घातली तर मूल नजरेआड होतं, कामातून सुटत नाही.

बालाघाट
जमाखर्च, ढाक्याची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. 1995 मध्ये तिथल्या कारखानदारांच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्याबरोबर करार केला: मूल कारखान्यातून काढायचं ते शाळेत घालूनच, आणि बुडालेल्या मजुरीपोटी त्याला दरमहा काही रक्कम द्यायची. म्हणजे कारखानदाराला हात झटकू दिले नाहीत. आपल्याकडे 1996 मध्ये शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी कारखान्यांतल्या बालमजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरायचे, आणि सरकारने घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यायचं किंवा आपले पाच हजार त्यात घालायचे. मालकाच्या खिशाला हात घातल्याशिवाय काही हलत नाही, एवढंच मी म्हणते आहे.

आणि कृष्णाकाठ दादा, तुमची वैरण शाळा सुटल्यावरची होती. गावात घर होतं, घरात कुणीतरी होतं. या लेकरांची शाळा सुटून चारशे किलोमीटर मागे राहिलेली असते. दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

कलम चोवीस
ताई, मी वकिली करतो. दुरुस्तीची मागणी करून तुम्ही कारखान्यांना आणखी दहा वर्षं देताय. आहे तो कायदा पुरेसा आहे. घरच्या मदतीची सवलत कुटुंबाच्या स्वतःच्या उद्योगासाठी आहे. ऊस दुसऱ्याचा, वाहतूक दुसऱ्याची, पैसे कारखान्याचे, यात कुटुंबाचा उद्योग कुठे आला? शिवाय सवलत शाळेच्या वेळेबाहेरची. फडावरच्या मुलाला शाळाच नाही, तर वेळेबाहेरचं काय? शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं, दंड वीस ते पन्नास हजार. आई-वडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, हेही कायद्यातच आहे.

खरी अडचण मालक कोण ही आहे. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो मी जोडीला उचल दिली, लेकरं त्यांची. ती साखळी तुटायची तर उचलीवर बोला. आगाऊ पैसे देऊन माणूस बांधून ठेवणं 1976 पासून वेठबिगारीच्या कायद्याने बंद आहे. पण उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला तोच मुकादम दारात उभा राहतो, त्याची फिर्याद कोण नोंदवतं?

फडावरचा
शिरूर कासारचा आहे. आईबाप दोघं ऊसतोडीला. वरचं सगळं वाचलं. कायदा, मालक, ढाका, सगळं बरोबर असेल. पण माझं शिक्षण झालं ते एवढ्यावर की आजी धडधाकट होती आणि ती घरी राहायची. मी तिच्याजवळ, माझी थोरली बहीण टोळीबरोबर, कारण धाकट्या भावाला धरायला कुणीतरी पाहिजे होतं. ती सहावीत होती. टायरगाडीवर सामान बांधताना तिनं पुस्तकं पिठाच्या डब्यात घातली होती, भिजू नयेत म्हणून. ती पुस्तकं तशीच परत आली. आज तिच्या हातावर कोयत्याच्या खुणा आहेत आणि तिला सही करताना अजून वेळ लागतो. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

म्हणून मला एकच विचारायचं आहे: लेकरू राहील कुणाजवळ? ज्यांना आजी नाही त्यांचं काय? आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावात ठेवायला हंगामी वसतिगृह आहे म्हणतात, तर आमच्या गावात त्याची मंजुरी टोळ्या निघून गेल्यावर आली. तेव्हा गावात राहिले म्हातारे आणि कुलपं. दिवाळीच्या आधी वसतिगृह उघडलं, जेवण सुरू झालं आणि पोरींसाठी मुक्कामाला बाई असली, तर आमच्याकडचा बाप लेकराला मागं ठेवतो. पोरीला बेभरवशाच्या जागी कोणताच बाप ठेवणार नाही, आणि ते चूकही नाही.

अजून एक. 2024 च्या जानेवारीत तोडीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, टनाला साधारण 366 रुपये झाले. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. लेकरांचे हात लागले की मोळ्या लवकर होतात, गाडी लवकर भरते. बापाला ते नको असतं, पण उचल डोक्यावर असते. दर परवडला की पहिल्यांदा लेकराचे हात सुटतात.

कृष्णाकाठ
भाऊ, तुमच्या बहिणीचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. वसतिगृहाला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. पण पैसा कुठून येणार ते बोला. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या भागात हीच धास्ती होती की शेवटी ते शेतकऱ्याच्या बिलातून जाणार. आणि हार्वेस्टरचं का कुणी बोलत नाही? यंत्र आलं की लेकरं फडात यायची बंद.

बालाघाट
यंत्राने लेकरू फडातून जाईल हो, पण मायबापही जातील, आणि आमच्या डोंगरपट्ट्यात पावसाळा सोडला तर दुसरं काम नाही. मग तीच लेकरं वीटभट्टीवर दिसतील.

दहा रुपयांचं म्हणाल तर तेवढीच रक्कम सरकारनेही घालायची आहे, आणि संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं त्याच महामंडळाच्या कामाचा भाग आहेत. वसतिगृहं जून महिन्यात, शाळेबरोबर भरायला हवीत. फडाजवळच्या शाळेत नाव घालायची सोयही हवी, कारण काही लेकरं जाणारच. पूर्वी साखरशाळा, म्हणजे तोडणी मजुरांच्या लेकरांसाठी हंगामापुरत्या शाळा, होत्या. शिक्षण हक्क कायदा आला आणि मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घालायचं ठरलं. पण फडापासून ती शाळा तीन-चार किलोमीटर असली तर सहा वर्षांच्या मुलाला तिथे नेणार कोण? कारखान्याची गाडी ऊस आणते, तीच गाडी लेकरांसाठी का निघू नये?

कारखान्यावर गुन्हा दाखल करण्याची मागणी मात्र मी सोडत नाही. धाक नसेल तर गाडीही निघणार नाही.

कृष्णाकाठ
गाडीचं पटलं. दहा रुपये शेतकऱ्याच्या बिलाला लागणार नाहीत असं लिहून दिलं, तर कारखान्याच्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडतो. सभासद आहे, बोलायचा हक्क आहे.

फडावरचा
जरूर मांडा, दादा. आणि अध्यक्षांना एवढंच विचारा, कारखान्याच्या फडावर येणाऱ्या कोयत्यांबरोबर लेकरं किती येतात, कोणत्या वयाची, याची यादी कुणाकडं आहे का? नसली तर टोळी उतरते त्या दिवशी ती करायला किती वेळ लागेल?