मदत हवी आहे: मोठ्या वयाच्या कुत्र्यांना घर कसं मिळवून द्यावं?

आमचा गोट्या दोन महिन्यांपूर्वी गेला. निवाऱ्यातून आणला तेव्हाच आठेक वर्षांचा होता. नसबंदीची खूण म्हणून एका कानाचा शेंडा कापलेला. त्याच्या नावाने देणगी देऊन मोकळं व्हायचं नाहीये. त्याच्यासारख्या, कुणी सहसा न निवडणाऱ्या कुत्र्यांना घर मिळावं, एवढंच मनात आहे.

सहा रविवार निवाऱ्यात जाऊन फोटो काढले. काळी कुत्री पिंजऱ्यात नुसता डाग दिसतात, म्हणून बाहेर सावलीत नेऊन, जमिनीवर बसून, फ्लॅश न वापरता. फोटो बरे आले, फोनही आले, पण बहुतेकांचं एकच: "पिल्लू नाही का?" दोन मोठी कुत्री दत्तक गेली. त्यातलं एक चौथ्या दिवशी परत आलं. कारण काय, तर खात नाही, कोपऱ्यात बसून राहतं! पहिले ३ दिवस बावरलेले, रुळायला ३ आठवडे, घर आपलं वाटायला ३ महिने, हा ढोबळ हिशोब मी फोनवर सांगितला होता. लेखी द्यायला हवा होता.

लसीकरण, नसबंदी निवारा बघतो. मला घरी तात्पुरतं ठेवता येत नाही, आमची म्हातारी कुत्री दुसऱ्याला उभं करत नाही. वेळ फक्त रविवारी.

ज्यांनी मोठी कुत्री दत्तक दिली आहेत त्यांना विचारायचंय: देण्याआधी घरच्यांना नेमकं काय विचारता? आणि आधी काही दिवस चाचणी म्हणून पाठवलं, तर परत येणं कमी होतं की उलट सोपं होतं?