मदत हवी आहे: नळाला गंजाचं पाणी, सगळे पाइप बदलायचे का?

पावसची_वेस: रत्नागिरीजवळ आमची चार मजली सोसायटी आहे. सकाळी नळाला लाल पाणी येतं, पांढरे कपडे डागाळतात. एक प्लंबर म्हणतो सगळे पाइप काढा, दुसरा म्हणतो टाकी खराब आहे. रविवारी सभेत खर्च मांडायचाय. नक्की काय करावं? लवकर सांगा.

चावीपाना: पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) की प्लास्टिक? पाणी बोअरचं की नळयोजनेचं? टाकी आरसीसी की तयार? सगळ्या नळांना की ठरावीक?

कातळसडा: आधी टाकीत उतरा. आमच्याकडे टाकीच्या स्लॅबचं खालचं प्लास्टर सुटून सळया उघड्या पडल्या होत्या, गंज थेट पाण्यात गळायचा. सळया घासून, नवं प्लास्टर करून आतून इपॉक्सी मारलं. पिण्याच्या पाण्याला चालणारंच घ्या, साधा ऑइलपेंट मारू देऊ नका.

अनघा_म: बोअरच्या पाण्याने माझे केस फार गळायचे. आम्ही स्वयंपाकघरात आरओ बसवला, पाण्याची चव एकदम सुधारली.

पावसची_वेस: ताई, आरओने कपड्यांचे डाग कसे जातील? पाइप जीआयच आहेत, वीस वर्षांच्या इमारतीत दुसरे कुठले असणार! पाणी बोअरचं. टाकी आरसीसी, परवाच धुतली, आतून धड आहे.

चावीपाना: मग तीन काचेच्या बाटल्या भरा: बोअरच्या तोंडाशी, टाकीच्या आउटलेटला आणि नळाला. बोअरचं पाणी भरताना नितळ आणि उघडं ठेवल्यावर तांबूस झालं, तर लोह पाण्यातच विरघळलेलं आहे, पाइप बदलून पैसे वाया जातील. पहिले दोन्ही नितळच राहिले आणि नळाचं भरतानाच लाल असेल, तर पाइप गंजतोय.

निळीपट्टी: बाटल्या कशाला? बिल्डरने पिवळ्या पट्टीचा ए क्लास पाइप घातला असणार, तो पातळ. निळ्या पट्टीचा बी क्लास घाला आणि मोकळे व्हा.

पावसची_वेस: रात्रभर ठेवून बोअरचं नितळ, टाकीचं नितळ, नळाचं लाल. आणि हे फक्त गरम नळाला होतं. पाणी तापवायचा सोलर बसवल्यानंतरच सुरू झालं.

चावीपाना: अहो, हेच आधी हवं होतं! सोलरच्या आत तांब्याच्या नळ्या आहेत का? जांभ्या दगडातलं पाणी बरेचदा किंचित आम्लधर्मी असतं, ते तांबं थोडंथोडं विरघळवतं. ते तांबं पुढे जीआयमध्ये जाऊन बसतं आणि बसेल तिथे जस्त खाऊन भोक पाडतं. म्हणून पाण्याच्या वाटेत जीआय आधी, तांबं नंतर, असाच क्रम हवा. शिवाय साधारण ६० अंशांपुढे काही पाण्यांत जस्त लोखंडाला वाचवायचंच थांबतं, उलट लोखंड आधी झिजतं. थंड लाइन तशीच ठेवा, फक्त गरम लाइन बदला.

कातळसडा: पाइप कशाला बदलायचा? सोलर आणि जीआयच्या मधे इन्सुलेटिंग युनियन (दोन धातूंना टेकू न देणारा जोड) टाका, दोन धातूंचा संबंध तुटला की झालं.

चावीपाना: धातू एकमेकांना टेकून होणारा गंज त्याने थांबतो. पाण्यात विरघळून येणाऱ्या तांब्याला युनियन अडवत नाही.

निळीपट्टी: बी क्लास घातला तरी चालेल ना?

चावीपाना: नाही. जाड पाइप थोडा उशिरा गळेल, इतकंच. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाइप) घाला. पण तो ९३ अंशांपर्यंतचाच, आणि उन्हाळ्यात पाणी न वापरता राहिलं तर सोलरचं पाणी उकळीपर्यंत जातं. सोलरच्या तोंडाचे पहिले काही फूट स्टेनलेस स्टीलचे ठेवा, व्हेंट पाइप (वाफ बाहेर सोडणारा) मोकळा ठेवा.

अनघा_म: सोलर कुठला बसवलात? आम्हालाही घ्यायचाय.

पावसची_वेस: तांब्याच्याच नळ्या आहेत, आत्ताच कागद काढून पाहिला. पण पाणीच आम्लधर्मी असेल तर नवीन स्टीललाही खाईल ना?

चावीपाना: स्टेनलेसला त्याचा तेवढा त्रास नाही. तरी भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा), लोह आणि तांबं तपासून घ्या. मानकाप्रमाणे पीएच ६.५ ते ८.५ हवा. कमी आला तर टाकीआधी चुनखडीच्या खड्यांचा फिल्टर बसतो, तो थोडा वाढवतो. अहवाल येईपर्यंत सभेत फक्त गरम लाइनचाच खर्च मांडा.

कातळसडा: आणि टाकीचा स्लॅब हातोडीने ठोकून बघा, पोकळ वाजला तर आतली सळई गंजत असू शकते. वरून धड दिसत असला तरी.