मदत हवी आहे: कटर कुकीजची दुसरी लाटणी फसते
पाच-सहा वर्षांच्या मुलांसोबत सणासाठी कुकीज करायच्या आहेत. मैदा २५० ग्रॅम, बटर १५०, पिठीसाखर १००, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा व्हॅनिला, लागलंच तर चमचाभर दूध. बेकिंग पावडर मुद्दाम वगळली आहे. तिच्यामुळे कडा फुगून चांदणीची टोकं बोथट होतात. गोळा दोन बटर पेपरमध्ये ५ मिमी जाड लाटून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग कटरने आकार कापून ओव्हनमध्ये १७० अंशांवर साधारण १२ मिनिटं.

पहिली खेप सुबक निघते. अडचण उरलेले तुकडे गोळा करून पुन्हा लाटताना येते. मुलांच्या गरम हातात बटर लगेच सुटतं, पीठ कटरला चिकटतं. वरून मैदा भुरभुरला की कुकी कोरडी होते, आणि सारखं मळल्याने ग्लूटेन (मैद्यातलं ताण देणारं प्रथिन) वाढून चिवट होते ते वेगळंच. कापलेले आकार ट्रेसकट १५ मिनिटं पुन्हा गार केले तर पसरत नाहीत, पण तेवढा वेळ लहान मुलांनी ताटकळत का बसावं?

३० ग्रॅम मैद्याच्या जागी कॉर्नफ्लोअर घातल्यास कडा नीट राहतील का? की बटर १२५ वर आणावं? आणि कच्चं पीठ तोंडात जाऊ नये म्हणून मधल्या वेळात मुलांच्या हाती कुठलं काम द्यावं? करून पाहिलेलं प्रमाण कृपया ग्रॅममध्ये सांगा.