मदत हवी आहे: मुख्य रस्ता ओलांडण्यासाठी मधलं बेट कसं मागावं?

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीचा मुख्य रस्ता जेमतेम दीड किलोमीटरचा. पण सगळ्या गल्ल्या त्यालाच येऊन मिळतात आणि दोन्ही टोकांना मोठे रस्ते आहेत, त्यामुळे नुसती पार होणारी वाहनंच जास्त.

रस्ता 14 मीटर रुंद, सिग्नलला पायी माणसाला 12 सेकंद. सिग्नलच्या हिशेबात चालण्याचा वेग बहुधा सेकंदाला 1.2 मीटर धरतात, त्यामुळे कागदावर सगळं बरोबर. पण आई काठी घेऊन चालते. काल मोजलं, तिला 18 सेकंद लागले. हिरवा माणूस विझला तेव्हा शेवटची मार्गिका बाकी होती आणि दुचाक्या सुटल्या. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

मला मधोमध उंच बेट हवंय, म्हणजे थांबता येईल आणि एका वेळी एकाच दिशेला बघावं लागेल. काही शेजारी पादचारी पूल मागा म्हणतात. मला ते पटत नाही, जिने चढायचे कोणी? वेगही कमी व्हायला हवा: 50 चा 30 झाला तर धडकेची ऊर्जा साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते.

कुणी असं बेट करून घेतलंय का? अर्जासोबत काय जोडलंत: ओलांडणाऱ्यांची मोजणी, वाहनांचा वेग की व्हिडिओ? मोजणी किती दिवस आणि कोणत्या वेळी केलीत? बेट होईपर्यंत सिग्नलचे सेकंद वाढवून मिळतात का? कृपया अनुभव सांगा.