मदत हवी आहे : कानबाईचं गाणं अंतऱ्यात अडकलंय, शनिवारी रेकॉर्डिंग

बोरीकाठचा
आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्याचा मुखडा झालाय, अंतरा बसतच नाहीये. दहा वेळा लिहून खोडला. गाताना दम पुरत नाही, ढोलकीवाला म्हणतो शब्द कमी कर, पण कोणते ते सांगत नाही. धुळ्याला स्टुडिओ बुक आहे, ॲडव्हान्स पण गेला. गाणं नीट लिहायला नेमकं काय शिकायचं? लवकर सांगा प्लीज.

गिरणामाई
भाऊ शब्द कुठंयत? भाषा कोणती? चाल आधी का शब्द आधी?

बोरीकाठचा
कानबाईचं म्हटल्यावर अहिराणीच ना! चाल फिक्स आहे.

केळीचा घड
बहिणाबाई वाचा. अहिराणीत तसं कोणी लिहिलं नाही.

लेवा पाटील
दर धाग्यावर हेच! बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नाही.

केळीचा घड
बरं बाबा, गणबोली. मुद्दा हा की त्यांना लिहिता येत नव्हतं, काम करता करता गायच्या, मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलं म्हणून १९५२ साली पुस्तक तरी निघालं. तोंडात बसलेलं आधी, कागद नंतर. तुम्ही उलटं करताय.

हक्काचं बोला
आधी आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नाव नोंदवा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झालाय, स्टुडिओवाल्याला सगळं लिहून देऊ नका.

बोरीकाठचा
अहो गाणंच झालं नाही अजून, रॉयल्टी कशाची! हे घ्या.
मुखडा : कानबाई माय उनी (म्हणजे आली)
अंतरा : मन्हा घरना सर्वा जन गहू दयाले बसनात

गिरणामाई
हे आधीच टाकायचं ना. मुखडा मोज, का-न-बा-ई-मा-य-उ-नी, आठ अक्षरं, सरळ अष्टाक्षरी. अंतऱ्याचे दोन तुकडे पाड, नऊ आणि नऊ. दोन्हीकडे एकेक जास्त, तिथंच दम जातो. शिवाय 'बसनात' ही बातमी झाली. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू माणशी सव्वा मूठ घेतात, ते घाल की :
घरना ओ सर्वा जन
सव्वा मूठ गहू दया

ऑक्टोपॅड
अक्षरं मोजून गाणी होत नसतात. 'बसनात'चा त गाताना गिळला जातो, मग तीनच उरली. केरवा तालाच्या आठ मात्रा धर आणि टाळी वाजवत म्हण.

गिरणामाई
तुमच्या डीजेत गिळत असतील. बायका गातात तेव्हा शेवटचा त पूर्ण उमटतो, ऐका कधी.

पुण्याची पाहुणी
'गहू दया' म्हणजे गव्हावर दया? छान कल्पना :)

लेवा पाटील
ताई, दया म्हणजे दळा. अहिराणीत ळ चा य होतो.

माईक बाजार
कंडेन्सर माईक विकायचा आहे, दोनदाच वापरलाय, मेसेज करा.

बोरीकाठचा
गिरणामाईचं बसलं! चाल आत्याचीच होती, हे सांगायचं राहिलं. आत्ता फोनवर तिला म्हणून दाखवलं, तर म्हणे ओ काय ओ, बायकांचं गाणं आहे, 'घरना वं सर्वा जन' म्हण. आणि मग पुढच्या चार ओळी तिनेच म्हटल्या, फोन चार्जिंगला होता, रेकॉर्ड झाल्या नाहीत. उद्या जातोय तिच्याकडे.

केळीचा घड
स्टुडिओवाला तासाला किती घेतो?